अकरा दुकानांचे त्रेसष्ट कारकून

प्रेमसिंग आडे याला आयुष्यात एकदाच अध्यक्षपद मिळालं आणि ते सव्वीस दिवस टिकलं. त्यात विरोधकांचा काही हात नव्हता, कारण त्या पदासाठी त्याच्याशिवाय कोणी उभंच राहिलं नव्हतं. जे काय झालं ते त्याचं त्यानंच, स्वतःच्या अक्षरात, निळ्या शाईनं करून घेतलं. आजही दिग्रसच्या दारव्हा रोडवर कुणी गमतीनं "अध्यक्ष" म्हणून हाक मारली तर प्रेमसिंग मान वर करत नाही. समोर असेल ते गेट टेप लावून मोजायला घेतो, भले ते आधी दोनदा मोजून झालेलं असो.

प्रेमसिंगचं फॅब्रिकेशनचं दुकान. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याचे शेड. सहा माणसं कामाला. एकोणीस वर्षांत या माणसांच्या सुरक्षिततेची त्यानं केलेली व्यवस्था अशी होती: दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा आणि वर्षभर कुणी शिडीवर चढताना दिसलं की खालून "पाहून रे बावा" म्हणायचं. व्यवस्था उत्तम चालली होती. पण यंदा एका कापसाच्या जिनिंगच्या शेडवर पत्रे टाकायचं मोठं काम आलं, आणि तिथल्या मॅनेजरनं सांगितलं की वर चढणाऱ्या प्रत्येकाचा कामगार भरपाई विमा दाखवल्याशिवाय एक पत्रा उचलू देणार नाही. प्रेमसिंगनं त्याला आपली पद्धत समजावून पाहिली. मॅनेजरला ती पटली नाही.

मग यवतमाळच्या एका विमा कंपनीला फोन झाला. फोनवर मोनाली मॅडम म्हणून एक अधिकारी होत्या. त्यांनी सहा माणसांचा, उंचीवर चढून वेल्डिंग करणाऱ्यांचा, वर्षाचा हप्ता सांगितला तेव्हा प्रेमसिंग उभा होता तो बसला. तो बसल्याचं फोनमधून कळलं असावं, कारण मॅडम जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "एकट्यानं काढला तर महाग पडतो. तुमच्यासारखी छोटी दुकानं एकत्र आली आणि पन्नासच्या वर माणसं झाली, तर समूह विमा निघतो. तो सगळ्यांनाच स्वस्त पडतो."

ही साधी माहिती होती. पण माणसाच्या डोक्यात पुढारीपण एकदा शिरलं की माहितीचं कार्य होतं. प्रेमसिंगनं घरी जेवताना बायकोला, संगीताला, सांगितलं की मी या रोडवरच्या सगळ्या दुकानदारांना एकत्र आणणार आहे. संगीतानं भाकरी वाढता वाढता विचारलं, "तुमचे सख्खे दोन भाऊ एका ताटात जेवत नाई. तुमी अकरा दुकानं कायची एकत्र आनता?" प्रेमसिंगनं आणखी एक भाकरी मागून घेतली. मोठी कामं करणाऱ्याला घरात विरोध होतोच, असं त्याला वाटलं.

पहिली सभा लखनच्या मंडप डेकोरेशनच्या गोदामात भरली, कारण खुर्च्या तिथंच होत्या. अकरा दुकानदार आले. पिठाची गिरणी, फर्निचर, बॅटरी, टायर, सोड्याचा कारखाना, दालमिल अशी सगळी मंडळी. पहिले दोन तास समूहाचं नाव काय ठेवायचं यावर गेले. बॅटरीवाल्याचं म्हणणं होतं की त्याच्या वडिलांचं नाव द्यावं, कारण रोडवरचं पहिलं दुकान त्यांचं. टायरवाल्याचं म्हणणं होतं की पहिलं दुकान त्याच्या चुलत्याचं, फक्त त्याला पाटी नव्हती. शेवटी नाव न ठेवता नुसतं "समूह" म्हणायचं ठरलं आणि अध्यक्ष म्हणून प्रेमसिंगच्या गळ्यात लखननं गोदामातला प्लास्टिकचा हार घातला, जो सभा संपल्यावर परत घेतला.

मग प्रेमसिंगनं वही उघडली आणि कुणाकडं किती कामगार ते विचारलं. आता आपल्याकडं एक रीत आहे. दुकानात दहा माणसं राबत असली तरी त्यांना कामगार कुणी म्हणत नाही. कामगार म्हटलं की मालक झालो, मालक झालो की साहेब लोक विचारपूस करायला येतात, आणि शिवाय ते बरंही दिसत नाही. त्यामुळे गिरणीवाला म्हणाला, "मायाकडं कामगार नाई बावा, घरचेच लोक हायत." फर्निचरवाला म्हणाला, "आमचं तं भावाभावासारखं हाय." दालमिलवाल्याकडं वीस बाया डाळ निवडतात, तो म्हणाला, "त्या मावश्या हायत." सगळ्या रोडची बेरीज केली तेव्हा अकरा दुकानांत मिळून चार कामगार निघाले, त्यातले दोन वादग्रस्त होते.

प्रेमसिंगनं सांगितलं की पन्नासच्या वर झाले तरच हप्ता कमी होतो. हे ऐकल्यावर एक चमत्कार झाला. दुसऱ्या सभेला कामगार त्रेसष्ट झाले. मावश्या कामगार झाल्या, भाऊ कामगार झाले आणि सोडेवाल्यानं तर आपली सासूही लिहून दिली, कारण ती बाटल्यांवर लक्ष ठेवते. प्रेमसिंगनं ती सासू घेतली. अध्यक्षाला मन मोठं ठेवावं लागतं.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं झालं ते डोंगरसिंग काकांमुळं, असं प्रेमसिंग बरेच दिवस म्हणत असे. आता म्हणत नाही. काका त्याच्याच तांड्यातले, त्याच्याच घराशेजारी राहणारे, सरकारी कचेरीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांना फॉर्म दिसला की भूक लागत असे. विम्याचा फॉर्म त्यांनी उन्हात धरून वाचला आणि "कामाचं स्वरूप" या रकान्यावर बोट ठेवून ते एकदम गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायला लागले. काका गोरबोलीत शिरले की समजायचं, गुपित आहे. त्याचा मराठीत मतलब असा की, वेल्डर लिहिलंस तर हप्ता जास्त, कारकून लिहिलंस तर सगळ्यात कमी. कचेरीत मी चाळीस वर्षं काढली; तिथं जो कागदावर असतो तोच माणूस असतो, बाकी नुसती हवा.

प्रेमसिंगला घाम फुटायला हवा होता. त्याऐवजी त्याला आनंद झाला. त्यानं ही युक्ती फक्त लखनला सांगितली आणि लखननं ती फक्त बाकीच्या नऊ जणांना सांगितली. फॉर्म जमा झाले तेव्हा दारव्हा रोडवरच्या अकरा दुकानांत मिळून त्रेसष्ट कारकून होते. गिरणीत चार कारकून दळण दळत होते, टायरच्या दुकानात पाच कारकून पंक्चर काढत होते आणि सोडेवाल्याची सासू पंच्याहत्तराव्या वर्षी आवक-जावक बघत होती.

स्वतःच्या सहा जणांची यादी लिहिताना प्रेमसिंगचा हात एका नावाशी थांबला. श्रावण मनवर. वय चौपन्न. दुकान उघडलं त्या दिवसापासूनचा माणूस. खरं सांगायचं तर प्रेमसिंगला वेल्डिंग शिकवलं ते श्रावणनं; दुकान प्रेमसिंगचं, भांडवल प्रेमसिंगचं, पण लोखंडाला लोखंड जोडायची अक्कल श्रावणची. पुसद ते दारव्हा कुठंही जा, एखाद्या गेटाचा जोड बोटानं चाचपून जाणते लोक सांगत, हा श्रावणचा हात आहे. अलीकडं त्याचे डोळे संध्याकाळी चुरचुरत आणि शिडी चढताना तो मध्ये एकदा थांबत असे. प्रेमसिंगला ते दिसत असे, पण दिसलेल्या सगळ्याच गोष्टींचं काही करायचं नसतं. या माणसाला नुसता कारकून लिहिणं त्याला बरं वाटेना. म्हणून त्यानं "वरिष्ठ कारकून" लिहिलं आणि आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटून घेतलं.

जिनिंगच्या कामाची घाई होती म्हणून पॉलिसी लगेच निघाली. फक्त पंधरा दिवसांत कंपनीचा माणूस येऊन सगळी दुकानं बघून जाईल अशी अट होती. प्रेमसिंगनं ती वाचली नव्हती. अध्यक्षांना बारीक अक्षर वाचायला वेळ नसतो. तेराव्या दिवशी मोनाली मॅडमचा फोन आला, "बुधवारी येते. कर्मचारी आपापल्या जागी काम करताना दिसले पाहिजेत." आणि प्रेमसिंगला पहिल्यांदा दिसलं की त्याच्याकडं सहा कारकून आहेत आणि एकही टेबल नाही.

टेबलं लखनकडं होती, म्हणजे एरवी असतात. पण बुधवारी आर्णीला मोठं लग्न होतं आणि सगळं सामान तिकडं गेलेलं. गोदामात उरली होती दोन झालरीची टेबलं आणि नवरा-नवरीला बसायच्या दोन लाल मखमली खुर्च्या, ज्यांच्या पाठीवर सोनेरी मोर होते. त्यातही अकरा दुकानं. शेवटी असं ठरलं की मॅडम एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाईपर्यंत लखनच्या छोट्या टेम्पोतून टेबलं मागच्या रस्त्यानं पुढं न्यायची. मॅडमना वाटेत रोखायची जबाबदारी अध्यक्षांची.

प्रेमसिंगनं आपल्या माणसांना इस्तरीचे शर्ट घालून यायला सांगितलं. कशासाठी ते नीट सांगितलं नाही. "आता तुमी कागदावर कारकून हा," एवढंच तो घाईत बोलला आणि श्रावणला म्हणाला, "श्रावणभाऊ, तुमी वरिष्ठ. तुमाले टेबलावर बसा लागते."

श्रावणनं थोडा विचार केला. "रोज बसा लागन?"

"पाहू," प्रेमसिंग म्हणाला. तेव्हा लखनचा फोन येत होता. या "पाहू" बद्दल प्रेमसिंग पुढं फार वेळा विचार करणार होता, पण तेव्हा त्याला तो शब्द तोंडातून गेल्याचंही कळलं नाही.

बुधवारी श्रावण आला तो पांढरा शर्ट, भांग पाडलेला, खिशाला दोन पेनं आणि नाकावर नवा कोरा चष्मा लावून. मोराच्या खुर्चीत बसून त्यानं समोर ठेवलेली प्रेमसिंगच्या मुलीची, खुशीची, जुनी वही उघडली आणि दुकानातल्या एकेका अँगलची, पाइपाची मापं घेऊन नोंद करायला लागला. अक्षर ठसठशीत. प्रेमसिंग मनात म्हणाला, काय नट आहे हा माणूस.

मोनाली मॅडम एसटीनं आल्या. वय तिशीचं, पाठीला बॅग, चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी आडे फॅब्रिकेशनमध्ये सहा कारकून पाहिले, त्यांच्या काळ्या नखांकडं पाहिलं, मोरांकडं पाहिलं. श्रावणला विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

श्रावण उभा राहिला. "वरिष्ठ कारकून," तो म्हणाला. ते त्यानं इतक्या आदरानं सांगितलं की प्रेमसिंगला हसू दाबावं लागलं. मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं, वाकून टेबलाखाली पडलेलं पेन उचललं आणि पुढं चला म्हणाल्या.

त्यानंतर दोन तास प्रेमसिंगनं जे काही केलं ते अध्यक्षपदाच्या इतिहासात कुणी केलं नसेल. त्यानं मॅडमना तीनदा उसाचा रस पाजला. रोडवरच्या लिंबाच्या झाडाचं वय सांगितलं. रस्त्यात भेटलेल्या माणसांची ओळख करून दिली, त्यातल्या एकाला तो स्वतःही ओळखत नव्हता. मागच्या गल्लीतून टेम्पो धडधडत गेल्याचा आवाज आला की तो जोरात खोकत असे. दुसऱ्या दुकानात, तिसऱ्या दुकानात तीच टेबलं, तेच मोर आणि त्यावर बसलेले वेगवेगळे ओशाळलेले कारकून. टेम्पोत सामान चढवायला-उतरवायला त्यानं श्रावणलाच पाठवलं होतं, कारण जड वस्तू कशी उचलायची ते त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

चौथं दुकान पिठाच्या गिरणीचं. इथं मॅडमनी रस नको म्हटलं आणि त्या सरळ चालत निघाल्या. प्रेमसिंग खोकत खोकत मागं. गिरणीच्या दारात टेम्पो उभा होता, मोराची खुर्ची अर्धी खाली, अर्धी वर. खुर्ची धरलेल्या गिरणीच्या दोन कारकुनांनी मॅडमना पाहिलं, घाबरून हात सोडले आणि साहेबाला करतात तसा नमस्कार केला. खुर्ची सुटली. खाली श्रावण होता. त्यानं ती एकट्यानं पेलायचा प्रयत्न केला, कारण लखननं सकाळीच बजावलं होतं की मखमल फाटली तर भरून द्यावी लागेल. सागवानी खुर्चीचं सगळं ओझं त्याच्या उजव्या मनगटावर येऊन टेम्पोच्या फाळक्यावर आदळलं.

श्रावण ओरडला नाही. नुसता खाली बसला आणि आपला हात मांडीवर घेऊन दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिला. नवा चष्मा धुळीत पडला होता.

मॅडम म्हणाल्या, "हे तुमचेच वरिष्ठ कारकून ना?"

दवाखान्यात कळलं की मनगटाचं हाड मोडलंय आणि दोन बोटंही. मॅडमनी बाकावर बसून दाव्याचा फॉर्म काढला. "काम काय?" त्यांनी विचारलं.

वेदनेनं ओठ पांढरे पडलेले होते तरी श्रावणनं आधी प्रेमसिंगकडं पाहिलं, मग म्हणाला, "वरिष्ठ कारकून."

"आणि हे झालं तेव्हा काय करत होता?"

"हापिसचं सामान हलवून राह्यलो होतो."

प्रेमसिंगला तेव्हा हायसं वाटलं. एवढ्या सगळ्या प्रकरणात त्याला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल, तर या हायसं वाटण्याची. डॉक्टरांनी प्लास्टर घालताना कागद बघून दिलासाही दिला, "कारकून आहात, मग काळजी करू नका. दोन महिन्यांत पेन धरता येईल."

"आन होल्डर?" श्रावणनं विचारलं. वेल्डिंगची कांडी ज्या चिमट्यात धरतात त्याला होल्डर म्हणतात, तो दिवसभर तोलून धरावा लागतो.

"कसला होल्डर?" डॉक्टर म्हणाले.

"काई नाई," श्रावण म्हणाला.

तीन दिवस प्रेमसिंगला जेवण गेलं नाही. दुकानात गेला की श्रावणची जागा दिसे, घरी आला की संगीता दिसे. तिनं एकदाच विचारलं, "तो मानूस वेल्डर हाय हे सांगाले तुमाले कायची भीती वाटते?" प्रेमसिंग म्हणाला, समूहाचा प्रश्न आहे, अकरा दुकानांचा. "मंग अकरा दुकानाईच्या लोकाईनं त्याचा हात मोडला काय?" ती म्हणाली आणि पाणी भरायला गेली.

चौथ्या दिवशी तो एसटी पकडून यवतमाळला गेला. दारव्ह्यापर्यंत त्यानं भाषण तयार केलं. दारव्ह्यानंतर ते आणखी चांगलं केलं. मी दोषी आहे, माझ्या माणसावर अन्याय होऊ नये, समूहानं मला वाळीत टाकलं तरी चालेल. एका ठिकाणी त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले आणि शेजारच्या बाईनं त्याला खिडकी दिली.

मोनाली मॅडमनी भाषण तिसऱ्या वाक्याला थांबवलं. "आडेभाऊ, मला माहीत आहे. मी नखं बघते, कागद नंतर बघते. आणि ते टेबल. तुमच्या दुकानात पेन उचलायला वाकले तेव्हाच मी त्याच्या पायावर खडूनं खूण केली होती. पुढं दोन्ही दुकानांत ती खूण भेटली." त्यांनी कागद फिरवून दाखवला. श्रावण मनवर या नावापुढं त्यांनी केव्हाच लाल शाईनं लिहिलं होतं: वेल्डर, अनुभवी.

प्रेमसिंगच्या एवढ्या मोठ्या त्यागाची कुणाला गरजच नव्हती.

"पण मला एक सांगा," मॅडम म्हणाल्या, "हे केलं कशाला? सूट मिळते ती माणसं पन्नासच्या वर झाली म्हणून. वेल्डरला वेल्डर लिहिलं असतं तरी एकट्यापेक्षा खूप कमी पडलं असतं. हेल्मेट, पट्टे, चष्मे ठेवले आणि वर्षभर अपघात झाला नाही, तर पुढच्या वर्षी आणखी कमी. एवढाच समूहाचा फायदा असतो. तुम्ही नीट विचारलं असतं तर मी फोनवरच सांगितलं असतं."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. आठ दिवसांत अकराही दुकानांनी खऱ्या याद्या द्यायच्या, फरक भरायचा, नाहीतर पॉलिसी रद्द. श्रावणचा दावा त्या वेल्डर म्हणून वर पाठवणार, शिफारस करणार. मंजूर होईलच असं वचन देता येत नाही. तोवर औषधपाणी आणि पगार मालकानं बघायचा, कायद्यानं ते मालकाचंच काम आहे. आणि त्या सासूबाईंना कृपा करून काढा.

दारव्हा रोडवर या बातमीचं जे स्वागत झालं ते सांगण्यात अर्थ नाही. टायरवाल्यानं विचारलं, "तुमाले कोनं सांगतलं होतं खरं बोलाले?" सगळ्यांनी मिळून प्रेमसिंगला अध्यक्षपदावरून काढलं आणि डोंगरसिंग काकांना बसवलं, ज्यांचं रोडवर दुकानच नाही. काकांनी आल्या आल्या त्रेसष्टातून सासू वजा करून बासष्ट खरे कामगार लिहून घेतले आणि हे मी पहिल्यापासून सांगत होतो असं सगळ्यांना सांगितलं. हप्ता वाढला, तरीही एकट्याच्या मानानं कमीच भरला. जिनिंगचं कामही हातचं गेलं नाही. म्हणजे पाहिलं तर नुकसान कुणाचंच झालं नव्हतं, एक उजवा हात सोडून.

प्रेमसिंगनं ठरवलं की श्रावणच्या घरी आपण स्वतः जाऊन सांगायचं. आपण खरं बोललो, एवढी एक गोष्ट त्याच्याकडं शिल्लक होती आणि ती त्याला कुणाला तरी दाखवायची होती. विहारासमोरच्या गल्लीत श्रावणचं घर. श्रावण गळ्यात हात अडकवून खाटेवर बसला होता. त्याच्या बायकोनं, मथुराबाईनं, स्टुलावरची धूळ पदरानं झटकली आणि चहा ठेवला.

"श्रावणभाऊ," प्रेमसिंग म्हणाला, "मी मॅडमले सारं सांगून आलो. तुमी कारकून नाई, वेल्डर हा म्हून. आता तुमचा दावा खरा लागते."

त्याला वाटलं होतं की घरात बरं वाटेल. गाळणी हातात धरून मथुराबाई वळल्या.

"म्हंजे ते खोटं होतं?" त्या म्हणाल्या. "वरिष्ठ कारकून केलं म्हने ना तुमी याईले? आता डोये साथ देत नाई, शिडी चढवत नाई, म्हून टेबलावर बसवलं मालकानं, असं आमी समजलो. मी विहारात पेढे वाटले. तो चष्मा, ते पेनं, पोरीनं घेऊन देल्ले बापाले."

मोराच्या खुर्चीत बसून मन लावून अँगल आणि पाइप लिहून घेणारा श्रावण प्रेमसिंगला दिसला. तो नट नव्हता.

"अवो, तुले काई समजत नाई," श्रावण बायकोला म्हणाला. "ते कागदावरचं होतं. मले ठाऊक होतं."

तो हे प्रेमसिंगकडं न बघता बोलला, आणि त्याला ठाऊक नव्हतं हे प्रेमसिंगला त्यातून कळलं. दवाखान्यात ओठ पांढरे पडले असताना तो मालकासाठी खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलं होतं आणि त्यानं खरं उत्तर दिलं होतं.

"आता मी बायाईले काय सांगू?" मथुराबाई म्हणाल्या.

"सांगा," प्रेमसिंग म्हणाला, "मालक खोटं बोल्ला म्हून."

"ते तं सांगनच. पन पेढे खाल्ले ना लोकाईनं." त्यांनी चहा कपात ओतला आणि कप त्याच्या हातात दिला. कपाचा कान फुटलेला नव्हता. घरातला चांगला कप होता. प्रेमसिंगला तो फुटका असता तर बरं वाटलं असतं.

मग प्रेमसिंगनं कप तसाच हातात धरून विचारलं. "श्रावणभाऊ, माप घेनं, माल लिवून घेनं, पोट्ट्याईवर नजर ठेवनं, हे काम खरंच करान काय तुमी? टेबल घेतो मी. उद्याच घेतो."

श्रावणनं प्लास्टरकडं पाहिलं. "तवा देल्लं असतं तं मान होता, भाऊ," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि म्हणून प्रेमसिंगला मान वर करता येईना. "आता देता तं लोक म्हनन, हात मोडला म्हून देल्लं. मी बी तसंच म्हनन."

"मंग कवा देऊ?"

"हात बरा होऊ द्या. मी होल्डर धरून पाह्यतो. तवा या आन इचारजा. इचारान तवा मले नाई म्हनता आलं पाह्यजे."

प्रेमसिंग "हव" म्हणाला. चहा गार झाला होता, तो त्यानं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप स्वतः मोरीशी नेऊन ठेवला आणि बाहेर आला. गल्लीत विहारातून परतणाऱ्या चार-पाच बाया उभ्या होत्या. त्या त्याच्याकडं बघून हसल्या आणि त्यातली एक म्हणाली, "मालक, लय चांगलं केलं तुमी आमच्या श्रावणभाऊचं." प्रेमसिंगनं त्यांना हात जोडले आणि गाडी सुरू न करताच गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली.